गाडीचे वय नको, गंज मोजा

वर्धा जिल्ह्यातल्या सेलूच्या बाजारात सोयाबीन आणि कापूस वाहून आणणाऱ्या गाड्या नीट पाहिल्या तर त्यांत बारा-पंधरा वर्षांचे ४०७, जुन्या आयशर, जुने सहाचाकी ट्रक आणि ट्रॅक्टरमागच्या ट्रॉल्या यांचाच भरणा दिसतो. लहान मालकाला नवी गाडी परवडत नाही, आणि जुनी गाडी चांगली चालत असेल तर ती मोडीत काढायचे कारणही नाही. माझा आक्षेप जुन्या गाडीला नाही. ती खालून किती सडली आहे हे कुणीच वाकून पाहत नाही, याला आहे. त्याविषयीचे काही मुद्दे तालुक्यातल्या नागरिकांपुढे ठेवतो.

१. चॅसिसचा गंज हा मालकाचा घरगुती मामला नाही.

हौद्याचा पत्रा सडला तर नुकसान मालकाचे होते. चॅसिसची पट्टी, कमानपाट्यांचा हँगर, ब्रेकची लोखंडी नळी किंवा ट्रॉलीचा हूक सडला तर त्याची किंमत समोरून येणारा दुचाकीस्वार मोजतो. बुटीबोरीहून वर्ध्याकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग केळझर आणि सेलूवरूनच जातो. ११ डिसेंबर २०२२ रोजी समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी टप्पा सुरू झाला, तेव्हापासून येळाकेळीहून त्या रस्त्यावरही चढता येते. जो ट्रक कालपर्यंत हिंगणीच्या रस्त्याने तीस-चाळीसच्या वेगाने जायचा, तोच आज समृद्धीवर ऐंशीने पळतो. वेग वाढला, हँगर मात्र तोच राहिला. रस्ता सगळ्यांचा आहे, म्हणून त्यावरच्या गाडीची खालची बाजू तपासली जाते की नाही हे विचारण्याचा हक्कही सगळ्यांचा आहे.

२. बर्फाळ देशांत जे काम मीठ करते, ते आपल्याकडे खत आणि काळी माती करतात.

हा मुद्दा जरा सविस्तर मांडावा लागेल, कारण "आपल्याकडे ना समुद्र, ना बर्फ, मग गंज कशाचा?" असे अनेक मालक मनापासून म्हणतात.

अमेरिकेच्या उत्तर भागात आणि कॅनडात हिवाळ्यात रस्त्यावरचा बर्फ वितळावा म्हणून मीठ टाकतात. एकट्या अमेरिकेत हे मीठ वर्षाला अंदाजे दोन कोटी टन लागते. ते पाण्यासोबत गाडीच्या खालच्या भागावर उडते आणि फटींत बसते. टोयोटाच्या टॅकोमा, टुंड्रा या पिकअप आणि सिक्वोया या मोठ्या गाडीच्या सांगाड्यांना गंज रोखणारा लेप पुरेसा नव्हता अशी तक्रार ग्राहकांनी न्यायालयात नेली. २०१६ मध्ये कंपनीने सुमारे १५ लाख गाड्यांसाठी ३.४ अब्ज डॉलरपर्यंतची तडजोड मान्य केली. गाड्यांची तपासणी करायची आणि सांगाडा सडून भोक पडले असेल तर तो बदलून द्यायचा, असे ठरले. तिथल्या ग्राहकांनी गंजाला नशिबाचा भाग मानले नाही, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते.

मिठातला लोखंड खाणारा घटक म्हणजे क्लोराइड. आता आपल्याकडे पाहा. म्युरेट ऑफ पोटॅश, म्हणजे दुकानातले लाल पोटॅश, हे पोटॅशियम क्लोराइडच आहे आणि त्याच्या वजनाचा जवळपास निम्मा भाग क्लोराइडचा असतो. १०:२६:२६ सारख्या मिश्रखतातही पोटॅश सहसा याच रूपात येते. सुपर फॉस्फेटमध्ये थोडे मोकळे आम्ल राहते. युरिया हवेतली ओल ओढून घेतो. जूनमध्ये खताची पोती उतरतात, एखाद-दोन फाटतात, दाणे हौद्याच्या कोपऱ्यांत आणि फळ्यांखाली जातात. वरून पाऊस पडतो आणि तो रस क्रॉस मेंबरवर ठिबकत राहतो. त्याच हौद्यात पुढच्या आठवड्यात नदीची ओली रेती येते. बैलबाजाराला जनावरे नेणाऱ्या गाडीत मूत्र मुरते, त्यातही क्षार असतातच.

आणि या सगळ्याला धरून ठेवते ती आपली काळी माती. मुरमाड भागातला चिखल वाळला की झडतो. आपला चिखल चॅसिसच्या आतल्या खोबणीत, मडगार्डच्या वर, पाट्यांच्या मध्ये घट्ट बसतो आणि कित्येक दिवस आतून ओला राहतो. बाहेरून चाक कोरडे दिसते, आत लोखंड भिजलेलेच असते. क्लोराइडची वाईट खोड अशी की ते गंजात खर्ची पडत नाही. जागेवरच राहते, आणि पुन्हा ओल मिळाली की पुन्हा कामाला लागते. म्हणून ते धुऊन काढल्याशिवाय सुटका नाही.

३. मे महिन्यात गाडी ठीक दिसते म्हणून फसू नये.

वर्ध्याच्या उन्हाळ्यात हवा इतकी कोरडी असते की गंज जवळजवळ थांबतो. खरे नुकसान जुलै ते सप्टेंबरमध्ये होते. त्यामुळे तपासणीची योग्य वेळ पावसाळा संपल्यावरची, कापसाचा हंगाम पेटण्याआधीची. वर्षातून एकदाच वाकायचे असेल तर तेव्हा वाकावे.

४. रंग म्हणजे इलाज नव्हे.

पासिंगची तारीख जवळ आली की गाडी पेंटरकडे जाते. केबिन चकाकते, फाळक्यावर नवी अक्षरे येतात, चॅसिसवर काळ्या रंगाचा हात फिरतो. खरवडून, क्षार धुऊन, वाळवून मग रेड ऑक्साइड लावले असेल तर त्या रंगाला अर्थ आहे. सुटलेल्या पापुद्र्यांवरच रंग किंवा डांबरी लेप चढवला तर ओल आत कोंडते आणि सडणे वेगाने चालू राहते. फक्त ते आता कुणाला दिसत नाही. तपासणाऱ्यालाही नाही आणि मालकालाही नाही. दोन पट्ट्या एकमेकांवर बसवलेल्या असतात तिथे तर गंज फुगून मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, पट्ट्या विलग करतो आणि रिव्हेट ताणतो. रंगाखाली असा फुगवटा दिसला तर ती गाडी मालाला लावू नये.

जळके ऑइल मारण्याची पद्धतही आपल्याकडे रूढ आहे. त्याने लोखंडाला काही काळ आडोसा मिळतो हे खरे. पण ते रबरी बुश आणि पाइप खराब करते, आणि ठिबकून शेतात, नाल्यात जाते. त्याऐवजी स्वच्छ ग्रीस किंवा गंजरोधक मेण वापरावे, तेही गाडी धुऊन पूर्ण वाळल्यावर.

५. कायदा आधीच योग्यता विचारतो. आपण मात्र वयावर भांडतो.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५६ प्रमाणे मालवाहू गाडीला योग्यता प्रमाणपत्र लागते. गाडी आठ वर्षांची होईपर्यंत ते दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी घ्यावे लागते. ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्राने वाहने मोडीत काढण्याचे धोरण जाहीर केले, तेव्हा गावोगावी एकच बोलणे होते: पंधरा वर्षे झाली की गाडी जाणार. सरकारी गाड्यांबाबत तसा नियम खरोखर झाला आहे. १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांवरच्या सरकारी वाहनांची नोंदणी पुढे चालू ठेवली जात नाही. खासगी मालवाहू गाडीचा प्रश्न मात्र या धोरणात योग्यता चाचणीवर ठेवलेला आहे. जी पास होईल ती चालेल.

मला हेच तत्त्व न्याय्य वाटते. घरी शेडमध्ये उभी राहणारी, दर पावसाळ्यात धुतली जाणारी अठरा वर्षांची गाडी दणकट असू शकते. खताची आणि रेतीची वाहतूक करणारी सात वर्षांची गाडी आतून पोखरलेली असू शकते. वयावरून बंदी घातली तर पहिल्या गाडीच्या मालकावर अन्याय होतो आणि दुसऱ्या गाडीला मोकळे रान मिळते. पण मग योग्यतेची परीक्षा खरी हवी. यंत्राने तपासणी होणाऱ्या केंद्रावर ब्रेकची ताकद मोजता येते, धूर मोजता येतो, दिव्याचा झोत मोजता येतो. चॅसिसची पट्टी कुठे पातळ झाली हे पाहायला मात्र अजूनही खड्ड्यात उतरणारा माणूस, बॅटरी आणि हातोडी लागते.

आणि पट्टी पातळ होणे म्हणजे काय, हेही समजून घ्या. ७ मिलिमीटरच्या पट्टीतला एक मिलिमीटर सगळीकडून गेला तर तिची ताकद साधारण सातव्या हिश्शाने घटते. एकाच जागी खड्डा पडला असेल तर याहूनही वाईट, कारण तडा तिथूनच सुरू होतो. इकडे २०१८ मध्ये केंद्राने अ‍ॅक्सलवरच्या भाराची मर्यादा वाढवली आणि तीन अ‍ॅक्सलच्या दहाचाकी ट्रकचे मान्य एकूण वजन २५ वरून २८.५ टन झाले. भार वाढवून मिळाला, जुन्या लोखंडाची जाडी कुणी वाढवून दिली नाही. त्यातच काही जण मर्यादेच्याही वर माल भरतात. दंड २० हजार रुपये आणि प्रत्येक जादा टनामागे दोन हजार आहे, तरीही भरतात.

६. हातोडीची चाचणी लेखी हवी.

ब्रिटनमध्ये दरवर्षीच्या वाहन तपासणीत एक साधा नियम आहे. स्टिअरिंग, सस्पेन्शन, सीटबेल्ट यांसारखे भाग जिथे बसवलेले असतात त्या जागेपासून ३० सेंटिमीटरच्या आत सांगाडा गंजाने कमजोर झालेला असेल तर गाडी नापास. तपासनीस हलक्या हाताने ठोकून पाहतो. आपल्याकडचा जुना मिस्त्रीही हेच करतो. चांगले लोखंड खणखणीत वाजते, सडलेले बद्द वाजते. ही विद्या आपल्याकडे आहे. ती कागदावर उतरत नाही एवढेच.

म्हणून माझी मागणी: एमएच ३२ च्या, म्हणजे वर्धा जिल्ह्यातल्या, प्रत्येक जुन्या मालवाहू गाडीच्या तपासणीत हँगर, क्रॉस मेंबरचे जोड, स्टिअरिंग बॉक्सची बैठक, एअर टाकीचे पट्टे आणि ब्रेकच्या नळ्या या जागा ठोकून पाहिल्या जाव्यात आणि प्रत्येक जागेपुढे शेरा लिहिला जावा. मालकाला त्याची प्रत मिळावी. पास की नापास एवढेच कळून त्याला काय दुरुस्त करायचे ते कळत नाही.

७. वेल्डिंग करणाऱ्याला शिकवले पाहिजे, दोष देऊन भागणार नाही.

सडलेल्या चॅसिसवर पत्र्याचा तुकडा ठेवून वेल्डिंग मारून देणे सर्रास चालते. चॅसिसच्या वरच्या आणि खालच्या आडव्या पट्टीवर वेल्डिंग करू नये, भोकही पाडू नये, कारण सगळ्यात जास्त ताण तिथेच येतो. जोडपट्टी द्यायची तर उभ्या बाजूला, बोल्ट किंवा रिव्हेटने, आणि सडलेला भाग कापून काढल्यावरच. हे मिस्त्रीला कुणी सांगितलेलेच नसते. आयटीआयच्या वेल्डर आणि मोटर मेकॅनिक ट्रेडच्या शिक्षकांनी तालुक्यातल्या मिस्त्र्यांसाठी दोन दिवसांचा वर्ग घेतला तरी पुष्कळ होईल. वर्ध्यात ग्रामीण उद्योगांसाठी काम करणारी महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्था आहे, तिच्याकडेही हा विषय न्यावा.

८. धुण्यासाठी जागा द्या.

आज गाडी धुवायची तर नदी-नाल्याच्या काठी नेतात. ग्रीस आणि ऑइल पाण्यात जाते, हे बंद व्हायलाच हवे. पण नुसते बंद करून भागणार नाही. बाजार समितीच्या आवारात किंवा नगरपंचायतीच्या जागेवर एक उंच काँक्रीटचा धक्का बांधावा, खाली उभे राहून गाडीच्या पोटावर दाबाने पाणी मारता येईल असा. पाणी गाळाच्या आणि तेल वेगळे करणाऱ्या टाकीतून पुढे जावे आणि पुन्हा वापरात यावे. वापराचे माफक शुल्क घ्यावे. उन्हाळ्यात पाणी कुठून आणणार, असे विचारले जाईल. उन्हाळ्यात हा धक्का बंद ठेवला तरी चालेल. गरज पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या महिन्यात आहे, आणि तेव्हा बोर नदीला पाणी असते. खत उतरवल्यावर हौदा झाडून धुण्याची सोय खत विक्रेत्यांच्या गोदामाजवळ झाली तर आणखी उत्तम.

९. सार्वजनिक गाड्यांनी आधी उदाहरण घालून द्यावे.

जुलै २०२३ मध्ये गडचिरोली जिल्ह्यात छत अर्धे उचकटलेल्या अवस्थेत धावणाऱ्या एसटी बसची चित्रफीत देशभर पाहिली गेली. कारण काहीही असो, प्रवासी आत बसलेले असताना ती गाडी तशीच रस्त्यावर धावली, हे सत्य आहे. एसटीची मध्यवर्ती कार्यशाळा आपल्यापासून जवळ, नागपूरच्या हिंगण्याला आहे. बसच्या बांधणीत जे पोलाद वापरले जाते त्याची पावसाळ्यानंतरची तपासणी तिथल्या कुशल हातांना सहज जमेल. नगरपंचायतीच्या कचरागाड्यांचीही तशीच तपासणी व्हावी. ओला कचरा वाहणाऱ्या गाडीइतकी लवकर सडणारी गाडी दुसरी नाही.

१०. ट्रॉली विसरू नका.

ट्रकला निदान पासिंग तरी आहे. गावातल्या फॅब्रिकेटरने बनवलेल्या शेतीच्या ट्रॉलीला तपासणीची सवयच नाही, आणि तिच्यातूनच सकाळी खत, दुपारी कापूस आणि संध्याकाळी निंदणाच्या बाया घरी येतात. हूक, पिन, साखळी आणि दांड्याचा जोड या चार जागा सुटल्या तर ट्रॉली रस्त्यावर मोकळी धावते. माणसे बसवणे कायद्याने चूक आहे, ते थांबलेच पाहिजे. पण थांबेपर्यंत निदान त्या चार जागा तरी पाहिल्या जाव्यात.

तालुक्यातल्या गावांत २ ऑक्टोबरला ग्रामसभा भरते. या वर्षी तिथे दोन ठराव मांडा: गावातल्या प्रत्येक ट्रॉलीची आणि मालगाडीची हातोडीने तपासणी, आणि बाजार समितीकडे धुण्याच्या धक्क्याची मागणी. सेलू शहरातल्या नागरिकांनी हाच अर्ज नगरपंचायतीला द्यावा, आणि पोचपावती घेऊन ठेवावी.