आधी चॅनेल, मग सनमायका

नवं किचन करायचं ठरलं की घरात पहिली चर्चा रंगाची होते. सनमायक्याची पुस्तकं उलगडतात, ग्लॉसी की मॅट यावर एखादा रविवार जातो. बिजागऱ्या आणि ट्रॉल्यांचे चॅनेल मात्र ‘ते तुम्हीच बघा हो’ म्हणत मिस्त्रींवर सोडले जातात. मला हे अजिबात पटत नाही. ट्रॉली ओढताना अडते, शटर एका बाजूला लोंबतं, ते या न पाहिलेल्या लोखंडामुळेच.

दुकानात ‘एसएस आहे’ एवढ्यावर समाधान मानू नका. ग्रेड विचारा. ३०४ ग्रेडमध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. स्वस्तातल्या २०२ मध्ये निकेल कमी करून मँगनीज वाढवलेलं असतं, त्यामुळे ते लवकर गंजतं. चुंबक लावून पाहणारे बरेच जण भेटतात, पण या दोन्ही ग्रेडना चुंबक सहसा चिकटत नाही. त्या परीक्षेतून फरक कळणार नाही. बिलावर ग्रेड लिहून घ्या. चॅनेल घेताना पट्ट्यांबरोबर आतले छर्रे कशाचे आहेत, तेही विचारा. मुंबई, अलिबाग, रत्नागिरी, मालवणच्या खाऱ्या हवेत तर ही चौकशी टाळूच नये.

भाराचंही तसंच. चॅनेलच्या जोडीला किती किलो चालतात ते कंपनी सांगते. त्यात ट्रॉलीचं स्वतःचं वजन धरायचं असतं. तांदूळ-पिठाचे डबे, कुकर, बिडाचा तवा एकाच खणात जाणार असतील तर तिथे जास्त भाराची जोडी घ्या, मसाल्यांच्या खणाला साधी चालेल. सगळीकडे महागडं सॉफ्ट क्लोज हवंच असं नाही. तो पैसा जड खणांकडे वळवावा. उंच शटरला दोनऐवजी तीन किंवा चार बिजागऱ्या लागतात. आणि बिजागरी कितीही चांगली असली तरी सिंकजवळचा प्लाय पाण्याने फुगला की स्क्रू धरत नाही. तिथे मरीन प्लायच हवा, त्यावर आयएस ७१० हा शिक्का बघा.

एक गोष्ट मात्र मी भेटेल त्याला सांगते. सिंकखाली संडास साफ करायच्या अ‍ॅसिडची बाटली ठेवू नका. त्यात हायड्रोक्लोरिक आम्ल असतं आणि झाकण लावलेल्या बाटलीतूनही त्याची वाफ थोडी थोडी निसटत राहते. बंद कपाटात ती साचते, चॅनेलवरचा जस्ताचा मुलामा खाते. स्टेनलेस स्टीललाही ज्या पातळ थरामुळे गंज चढत नाही, तो थर ती फोडते. मग शेजारच्या बिजागऱ्यांवर लाल ठिपके उठतात आणि दोष दुकानदाराला लागतो. ब्लीचची बाटलीही तिथे नको. किचन नवं असो वा जुनं, या दोन्ही बाटल्या आजच तिथून हलवा. त्यासाठी एक रुपयाही लागत नाही.