नर्स झाली तर स्थळ येणार नाही म्हणे!



दशलक्षणात उत्तम तपाच्या दिवशी आपण सहा अंतरंग तपांची नावं घडाघडा म्हणतो. प्रायश्चित्त, विनय, वैयावृत्त्य... तिसऱ्या नावाला कुणी अडखळत नाही. मग मंदिराबाहेर चपला घालताना विषय निघतो, की अमक्यांची मुलगी बारावीनंतर नर्सिंगला जायचं म्हणतेय. लगेच तोंडं वाकडी. "लोकांची घाण काढणार का ती? स्थळ कोण आणणार?" माझ्या भाचीबद्दल हेच ऐकलं, म्हणून आज जरा स्पष्टच लिहिते.

घाण म्हणता? रत्नकरंड श्रावकाचारात सम्यग्दर्शनाचं तिसरं अंग निर्विचिकित्सा, आणि त्याचा दाखला उद्दायन राजा. कोढी मुनीच्या रूपात देव आला, आहार घेऊन राजाच्या अंगावर ओकला, आणि राजाराणीने किळस न करता त्याला धुऊन पुसून घेतलं. पाठशाळेत मुलांना आपण ही गोष्ट कौतुकाने सांगतो. तेच काम आपली पोर शिकून करणार म्हटलं की ते हलकं होतं का?

"वैयावृत्त्य मुनींचं असतं, संसारी माणसांचं नव्हे," असं एका ताईंनी मला सुनावलं. तत्त्वार्थसूत्रातले दहा प्रकार मुनिसंघाचेच आहेत, त्यातला 'ग्लान' म्हणजेही आजारी साधूच, हे मला मान्य आहे. पण औषधदान आणि अभयदान आपल्या चार दानांत आहेत ना? त्यांना कुणाचा वेष बघावा लागत नाही.

दुसरं बोलणं असं, की पैसे घेतले तर सेवा कसली. अहो, विधान करणारे पंडितजी मानधन घेतात, डॉक्टर फी घेतात. त्यांचं पुण्य गेलं असं कुणी म्हणत नाही. बाईने हाताने केलेली सेवा तेवढी फुकट हवी!

रमाबाई रानड्यांनी १९०९ साली पुण्यात सेवासदन काढलं आणि पुढे बायकांना ससूनमध्ये नर्सिंग शिकायला पाठवलं. घरंदाज बायकांनी हे करणं तेव्हाही लोकांना रुचत नव्हतं. शंभर वर्षं उलटली, आपण अजून तिथेच.

आणि केईएमच्या परिचारिका आठवा. त्यांची सहकारी अरुणा शानबाग १९७३ च्या हल्ल्यानंतर अंथरुणाला खिळली, ती २०१५ मध्ये गेली. बेचाळीस वर्षं! परिचारिकांच्या पिढ्या बदलल्या, पण तिचं भरवणं, धुणं, कूस बदलणं थांबलं नाही. तिला मरू द्यावं असा अर्ज सर्वोच्च न्यायालयात गेला, तेव्हा त्यांनीच विरोध केला. २०११ च्या निकालात न्यायालयाने त्यांच्या सेवेची वाखाणणी केली. दयामरणाबद्दल मतं वेगळी असोत, पण अहिंसेवर प्रवचन देणाऱ्या आपण यातल्या किती रात्री जागलो असतो?

या कामात काय मिळतं, तेही सांगते. तीन वर्षांचं जीएनएम किंवा चार वर्षांचं बीएस्सी, मग कुठल्याही गावात स्वतःच्या हातावर उभं राहता येतं. नवऱ्याकडे हात पसरायला नको. शिवाय अशुचि आणि अनित्य भावना आपण पुस्तकात बघून म्हणतो. ती मुलगी त्या रोज डोळ्यांनी बघते, आणि तरी त्या देहाला प्रेमाने स्पंज करते. ही निर्जरा नसेल तर मला तरी दुसरी दिसत नाही.

आपल्या मारुंजीतच बघा. हिंजवडीच्या नोकऱ्यांमागे मुलं आली, मागून सांगली-कोल्हापूरकडचे आईवडील टॉवरमध्ये राहायला आले. दिवसभर सूनही ऑफिसात, मुलगाही. आजोबांना दर दोन तासांनी कुशीवर वळवते ती ब्यूरोची मावशी. तिच्या डब्यात कांदा-लसूण म्हणून तो स्वयंपाकघराबाहेर ठेवायला लावतो, ते एकवेळ आपल्या आचाराचं झालं. पण तिने जेवायचं कुठे, जिन्यात? बाल्कनीत एक टेबल-खुर्ची ठेवायला किती जागा लागते? आठवड्याची सुट्टी दिली तर तिच्या जागी रविवारी आपण आहोतच की.

आणि हो, ब्यूरो कमिशन कापून तिच्या हातात नेमके किती देतो, हे आज तिलाच विचारा.