विश्लेषण : वेगवान गाडीचे टायर बदलताना सातारा-सांगलीच्या रस्त्यांचा विचार का हवा?

'किती किलोमीटर चालेल?' हा टायरच्या दुकानातला पहिला प्रश्न आणि 'डिस्काउंट किती?' हा दुसरा. रोज घर ते ऑफिस करणाऱ्या साध्या गाडीसाठी हे दोन प्रश्न बऱ्यापैकी पुरतात. पण एमएच १०, एमएच ११ आणि कराडच्या एमएच ५० क्रमांकाच्या गाड्यांत आता व्हर्टस जीटी, आय-२० एन लाइन, ऑक्टाव्हिया आरएस अशा टर्बो इंजिनाच्या वेगवान गाड्याही दिसतात. कंपनीने दिलेले टायर झिजले की त्यांचे मालक त्याच दुकानात येतात आणि बहुतेक वेळा तेच दोन प्रश्न विचारतात.

मग दोनपैकी एक गोष्ट घडते. जास्त किलोमीटर चालणारा टणक टायर गाडीला बसतो आणि दीडशे अश्वशक्तीच्या गाडीची पकड सामान्य हॅचबॅकइतकी होते. नाहीतर हौस वरचढ ठरते. मोठ्या अलॉय व्हीलवर रुंद, बुटका टायर चढतो आणि महिन्याभरात एखाद्या खड्ड्यात त्याला फुगा येतो. दोन्हीकडे पैसे जातात. ब्रेक दाबल्यावर गाडी थांबायला लागणारे अंतर मात्र पहिल्या प्रकारात वाढते, आणि त्याची किंमत घाटात मोजावी लागते.

तीन तासांत तीन हवामाने

टायरच्या जाहिरातीतला रस्ता कोरडा, गुळगुळीत आणि रिकामा असतो. सातारा-सांगलीत असा रस्ता सलग फार वेळ मिळत नाही. सांगलीत वर्षाला साधारण ६०० मिलिमीटर पाऊस पडतो, महाबळेश्वरात साडेपाच हजारांच्या पुढे. जत, आटपाडी, माण हे तर कायमचे दुष्काळी पट्टे. एकाच गाडीने सकाळी मिरजेतून निघून दुपारी महाबळेश्वर गाठायचे म्हटले, तरी कोरडे तापलेले डांबर, महामार्गावर साचलेले पाणी आणि घाटातले धुके या तिन्हींतून एकाच टायरवर जावे लागते.

रस्त्यांचेही तसेच. पुणे-बंगळूरु महामार्गावर शेंद्रे ते कागल टप्प्यात सहापदरीकरणाच्या कामाने जागोजागी वळवलेली वाहतूक, उंचसखल थर आणि खडी यांची सवय वाहनचालकांना करून घ्यावी लागली. पेठ-सांगली रस्त्याच्या खड्ड्यांनी तर स्थानिक वार्ताहरांना वर्षानुवर्षे बातम्या पुरवल्या. ऊसतोडणीच्या हंगामात ट्रॅक्टर-ट्रॉल्यांच्या चाकांना लागून शेतातली काळी माती डांबरावर येते. पहाटे त्यावर दव पडले की रस्ता साबण लावल्यासारखा होतो. अवकाळी पाऊस आला तर विचारायलाच नको.

आणि घाट. यवतेश्वरमार्गे कास, वाईहून पसरणी, मेढ्याहून केळघर, पाटणहून कुंभार्ली. पुण्याकडे जाताना खंबाटकीच्या बोगद्यानंतरचे 'एस' वळण तर अपघातांसाठीच ओळखले जाते. वेगवान गाडी घेणाऱ्याला हे घाट खुणावतात, हे उघड आहे. टायरची खरी परीक्षाही तिथेच होते.

म्हणून या दोन जिल्ह्यांत टायरच्या गुणांचा क्रम वेगळा लावायला हवा. सर्वांत आधी ओल्या रस्त्यावरची पकड, मग खड्डा सोसणारी बाजूची भिंत, त्यानंतर कोरड्या रस्त्यावरची पकड आणि शेवटी आयुष्य. दुकानात हा क्रम नेमका उलटा असतो.

ओली पकड पहिली कशासाठी?

टायरच्या नक्षीतल्या चरांचे काम पाणी बाहेर ढकलण्याचे. वेग वाढला किंवा चर उथळ झाले की पाणी बाहेर पडायला वेळ मिळत नाही. टायर रस्ता सोडून पाण्याच्या थरावर तरंगू लागतो. अशा वेळी स्टिअरिंग फिरवा की ब्रेक दाबा, गाडी ऐकत नाही. नासाच्या १९६० च्या दशकातल्या संशोधनातून आलेले एक ढोबळ सूत्र आजही वापरले जाते. त्यानुसार ३२ पीएसआय हवा असलेला, नक्षी झिजलेला टायर पुरेशा साचलेल्या पाण्यावर ताशी सुमारे ९४ किलोमीटरला तरंगू लागतो. हवा २४ पीएसआयवर आली तर हाच वेग ८२ च्या आसपास येतो. महामार्गावर ९० ते १०० हा बहुतेकांचा रोजचा वेग आहे.

कायद्याने मोटारीच्या टायरची नक्षी किमान १.६ मिलिमीटर खोल हवी. नव्या टायरची साधारण ८ मिलिमीटर असते. चरांमध्ये रबराचे छोटे उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या पातळीला आली की कायद्याची मर्यादा गाठली. पण जून ते सप्टेंबर कास-महाबळेश्वरच्या वाऱ्या करणाऱ्याने त्या मर्यादेपर्यंत थांबणे म्हणजे उगाच जीव टांगणीला लावणे. नक्षी ३ मिलिमीटरवर आली की वेगवान गाडीचे टायर पावसाळ्यापूर्वी बदलावेत. उरलेल्या दीड मिलिमीटरचे 'किलोमीटर वसूल' करायचेच असतील, तर ते उन्हाळ्यात करावेत.

ग्राहकाची खरी अडचण पुढे आहे. दुकानात ठेवलेल्या दोन टायरांपैकी ओल्या रस्त्यावर कोणता लवकर थांबतो, हे त्याला कळायचे कसे? केंद्र सरकारने २०२२ मध्ये मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून टायरचा घर्षण-रोध, ओली पकड आणि आवाज यांच्यासाठी एआयएस-१४२ हे मानक बंधनकारक केले. नव्या रचनेच्या टायरना १ ऑक्टोबर २०२२ पासून आणि आधीच्या रचनांना १ एप्रिल २०२३ पासून ते लागू करण्यात आले. पाऊल योग्यच होते. पण ही उत्तीर्ण होण्याची किमान पातळी आहे. कोण काठावर पास झाला आणि कोण विशेष प्राविण्याने, हे दुकानातल्या ग्राहकाला दिसत नाही. युरोपात ओल्या पकडीची श्रेणी 'ए' ते 'ई' अशी लेबलवर छापावी लागते. ताशी ८० किलोमीटरवरून थांबताना वरच्या आणि खालच्या श्रेणीतला फरक १८ मीटरपर्यंत जाऊ शकतो, म्हणजे चार गाड्यांच्या लांबीइतका. काही टायरांवर तारांकनाचे लेबल असते, पण ते इंधनबचतीचे. महाबळेश्वरच्या पावसात गाडी कुठे थांबेल याचे अक्षर इथल्या टायरवर का नसावे, हा प्रश्न ग्राहक संघटनांनी विचारायलाच हवा.

तोवर एक सोपा मार्ग उरतो. तोच टायर किंवा तीच मालिका युरोपात विकली जात असेल, तर तिची श्रेणी नेटवर सापडते. ती दुकानात जाण्याआधी पाहून घ्यावी. मात्र भारतात बनणाऱ्या टायरचे रबर वेगळे असू शकते, हे ध्यानात ठेवून.

मोठ्या रिमचा मोह

व्हर्टस जीटीचा २०५/५५ आर १६ हा आकार घेऊ. २०५ म्हणजे मिलिमीटरमधली रुंदी. ५५ म्हणजे बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या ५५ टक्के, म्हणजे जवळपास ११३ मिलिमीटर. १६ हा रिमचा इंचांतला व्यास. कोणी २२५/४० आर १८ बसवले, तर चाकाचा एकूण व्यास जेमतेम एक टक्क्याने वाढतो, त्यामुळे स्पीडोमीटर फारसा फसत नाही. पण भिंत ९० मिलिमीटरवर येते. कमी झालेले हे २३ मिलिमीटर रबर आणि हवा म्हणजेच खड्डा आणि रिम यांच्यामधली उशी. तीच कापून टाकायची आणि मग टायरला फुगा आला म्हणून कंपनीच्या नावाने बोटे मोडायची, यात अर्थ नाही. फुगा आलेला टायर दुरुस्त होत नाही, आतले धागे तुटलेले असतात.

रुंद टायरला पाणी बाजूला सारायला जास्त कष्ट पडतात, हाही तोटा. इंजिनाची ताकद तीच असेल, तर सातारा-सांगलीत मूळ आकारच ठेवावा. ज्या गाड्या कंपनीतूनच २२५/४० आर १८ वर येतात, त्यांच्या मालकांना पर्याय नाही. त्यांनी रिमची कड झाकणारा उंचवटा असलेला टायर शोधावा आणि हवेकडे दर आठवड्याला पाहावे. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मुळे वाहनाच्या मूळ तपशिलांत मनासारखे बदल करता येत नाहीत. अपघातानंतर विमा कंपनीच्या हाती आयता प्रश्न कशाला द्यायचा?

आकारापुढचे '९१ व्ही' हेही वाचायला हवे. ९१ म्हणजे एका टायरवर ६१५ किलोचा भार, व्ही म्हणजे ताशी २४० किलोमीटरची क्षमता. 'आपण कुठे २४० ने जातो, एच घ्या, स्वस्त पडेल' असा सल्ला सर्रास मिळतो. एच म्हणजे २१०. मुद्दा त्या वेगाने जाण्याचा नाही. वरच्या श्रेणीचा टायर उष्णता जास्त सोसतो आणि वळणावर त्याची बांधणी कमी लवते. एप्रिल-मेमध्ये सांगलीचा पारा चाळिशी गाठतो, तेव्हा डांबर हवेपेक्षा कितीतरी जास्त तापलेले असते. कंपनीने दिलेल्या श्रेणीपेक्षा खालची श्रेणी घेऊ नये, एवढे पक्के.

मग कोणता घ्यायचा?

एकाच टायरचे नाव सांगणे सोपे, पण दिशाभूल करणारे ठरेल. मिशेलिनची पायलट स्पोर्ट मालिका, कॉन्टिनेन्टलचे वरच्या श्रेणीतले टायर, ब्रिजस्टोनची पोटेन्झा मालिका, 'अपोलो'ने २००९ मध्ये घेतलेल्या आणि २०२१ पासून भारतात आणलेल्या व्रेडेस्टाइनची अल्ट्राक मालिका हे ठळक पर्याय. यांतल्या रस्त्यासाठी बनवलेल्या, ओल्या पकडीवर भर देणाऱ्या मालिका इथे चालतात. शर्यतीच्या मैदानासाठीचे, जवळजवळ नक्षी नसलेले टायर मात्र इथे कामाचे नाहीत. ते तापल्यावरच पकड धरतात आणि कुंभार्लीच्या पावसात ते तापण्याची शक्यता शून्य. वेण्णा तलावाकाठी पहाटे दव गोठल्याच्या बातम्या दर हिवाळ्यात येतात. उन्हाळी रबराचे टायर साधारण ७ अंशांखाली कडक होऊ लागतात. पण वर्षातल्या चार-दोन पहाटांसाठी वेगळे टायर घेण्याची गरज नाही, त्या वेळी पाय हलका ठेवला तरी पुरते.

निवडीपेक्षा उपलब्धता हा इथला मोठा अडसर आहे. जून २०२० मध्ये केंद्राने टायरची आयात 'प्रतिबंधित' यादीत टाकली. परवान्याशिवाय आयात बंद झाली आणि १७-१८ इंची आकारांत दुकानदारांकडचे पर्याय आटले. देशी उत्पादनाला चालना हा हेतू समजण्यासारखा आहे, पण कमी खपाच्या आकारांचा ग्राहक यात अडकला. अशा वेळी सातारा किंवा सांगलीतला दुकानदार जे शिल्लक आहे ते 'सेमच आहे' म्हणून पुढे करतो. पुणे किंवा कोल्हापूरहून मागवायला आठवडा लागत असेल, तर तो आठवडा थांबावे. चार वर्षांच्या सोबतीसाठी सात दिवस फार नाहीत.

टायरच्या बाजूवर कोरलेला शेवटचा चार अंकी आकडा उत्पादनाचा आठवडा आणि वर्ष सांगतो. २३२५ म्हणजे २०२५ चा तेविसावा आठवडा. वर्षभरापेक्षा जुना माल असेल तर घासाघीस करावी, दोन वर्षांपेक्षा जुना असेल तर परत पाठवावा. आयएसआयची खूणही पाहावी, कारण तिच्याशिवाय भारतात टायर विकता येत नाही. 'परदेशी गाडीतून काढलेला, नव्यासारखा' म्हणून मिळणारा वापरलेला टायर निम्म्या किमतीतही महागच. त्याने आधी किती खड्डे खाल्ले, हे वरून दिसत नाही.

एक दिलासा आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून नव्या टायरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला. मूळ किंमत १० हजार रुपये असेल, तर एका टायरमागे हजार, चौघांचे चार हजार वाचतात. ते मोठ्या रिमवर उधळण्यापेक्षा एक पायरी वरची ओली पकड घेण्यात घालावेत.

दोनच बदलायचे असतील तर

इथे बहुतेक फिटर नवे टायर पुढे लावतात. इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना, म्हणून नवे टायरही पुढे, असा हिशेब. तो चुकीचा आहे. ओल्या वळणावर पुढची चाके घसरली तर गाडी सरळ जाऊ पाहते आणि वेग कमी केला की बहुधा सावरते. मागची घसरली तर गाडी गर्रकन फिरते आणि ती सावरणे सराईत चालकालाही अवघड जाते. पसरणीच्या घाटात फिरणाऱ्या गाडीला मोकळी जागा मिळत नाही. म्हणून नवी जोडी मागे, उरलेली चांगली जोडी पुढे. चारही चाकांना ताकद जाणाऱ्या गाडीत मात्र चारही टायर एकदमच बदलावेत.

हवा गाडी दोन-तीन तास उभी राहिल्यावर, थंड टायरमध्ये तपासायची. तापमान १० अंशांनी उतरले की दाब साधारण दीड पीएसआयने घटतो. सांगलीत मेमध्ये भरलेली हवा डिसेंबरच्या पहाटे तेवढी नसते. नायट्रोजनसाठी जादा पैसे द्यायचे तर द्यावेत, पण साध्या हवेत तो ७८ टक्के आधीच असतो.

टायर बसवल्यावर अलाइनमेंट आणि बॅलन्सिंग त्याच दिवशी करून घ्यावे आणि बिलावर चारही टायरांचे उत्पादन-आकडे लिहून मागावेत. साच्यातून निघताना रबराला लागलेला बुळबुळीत थर जायला पहिले दोन-तीनशे किलोमीटर लागतात. नवे टायर घालून त्याच रविवारी कासला निघायचे असेल, तर यवतेश्वरची वळणे त्या दिवशी सावकाशच घ्यावी लागतील.