समुद्रकिनारी कलाकारांना घर, आणि नारायणगावात नुसती राहुटी?

मंडळी, पोस्ट जरा लांब आहे, पण विषय आपल्या दारातला आहे.

केरळातल्या फोर्ट कोचीत समुद्राच्या काठाला मसाल्याची एक जुनी वखार आहे, पेपर हाऊस. कोची बिनाले भरवणारी संस्था तिथे कलाकारांसाठी निवासी कार्यक्रम चालवते. चित्रकार, शिल्पकार, आवाजावर काम करणारे, लिहिणारे असे वेगवेगळ्या कलांचे लोक येतात, काही आठवडे राहतात, काम करतात. १२ डिसेंबर २०१२ ला ही बिनाले सुरू झाली. ती उभी करणारे बोस कृष्णम्माचारी आणि रियास कोमू मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकलेले. केरळ सरकारनं त्यांच्यामागे पैसा उभा केला. आज कोचीचं नाव जगभरातल्या कलाकारांना माहीत आहे.

आता कुणी म्हणेल, आपल्याकडं कुठाय समुद्र? खरंय. पण समुद्राची वाट आपल्याच नाणेघाटातून वर यायची. सातवाहनांच्या काळात सोपारा-कल्याणच्या बंदरातला माल घाट चढून जुन्नरला यायचा. इथल्या लेण्यांत यवनांनी दान दिल्याचे शिलालेख आजही वाचता येतात. म्हणजे बाहेरच्या माणसानं इथं यावं, कारागिराला काम द्यावं, ही रीत आपल्याला दोन हजार वर्षांची. पुढं जुन्नरी कागदावर पेशवाईतली दप्तरं लिहिली गेली.

आणि वेगवेगळ्या कलांची माणसं एका जागी? त्यासाठी नारायणगावच्या राहुट्या बघा. एका मोठ्या फडात शंभरावर माणसं असतात. सोंगाड्या, ढोलकीवाला, हलगीवाला, गाणाऱ्या-नाचणाऱ्या बाया, वग बसवणारा, पडदे रंगवणारा, वायरमन, आचारी. गुढीपाडव्याच्या सुमाराला गावोगावचे यात्रा कमिटीवाले इथं येऊन सुपारी ठरवतात. भाऊ-बापू मांग नारायणगावकर, विठाबाई, दत्तोबा तांबे शिरोलीकर ही नावं याच मातीतली.

फरक एवढाच, की राहुटी ही धंद्याची जागा आहे, कामाची नाही. तिथं सुपारी ठरते, नवा वग बसत नाही. यात्रा संपल्या, पाऊस लागला, की फड बंद. मग कुणी मजुरीला जातं, कुणी पुढच्या हंगामाची उचल घेऊन पावसाळा काढतं. नवं लिहायला, तालीम करायला, पोरांना ढोलकी शिकवायला सवड याच चार महिन्यांत असते, आणि नेमका याच चार महिन्यांत हातात पैसा नसतो. मग हंगाम आला की तीच सिनेमाची गाणी, आणि वर आपणच म्हणतो, तमाशात आता राम राहिला नाही!

२०२० आठवा. २५ मार्चला गुढीपाडवा होता आणि त्याच दिवशी देशभर लॉकडाऊन लागला. सुपाऱ्या गेल्या, यात्रा गेल्या. पुढचं वर्षही तसंच. तेव्हा किराणा वाटताना आपण फोटो काढले. त्यानंतर काय केलं?

विठाबाईंना राष्ट्रपती पदक मिळालं, पण अखेरचे दिवस हलाखीत गेले. २००२ साली त्या गेल्या. आता त्यांच्या नावानं सरकार जीवनगौरव पुरस्कार देतं. चांगलंच आहे. पण जीवनगौरव म्हातारपणी मिळतो. ऐन उमेदीत मिळतं ते फक्त कर्ज.

म्हणून माझी सूचना साधी आहे. नवी इमारत नको, कोनशिला नको. चातुर्मासात लग्नं नसतात, नारायणगाव, मंचर, घोडेगावची मंगल कार्यालयं रिकामी पडलेली असतात. त्यातलं एक दोन महिन्यांसाठी भाड्यानं घ्या. फडातले दहा-बारा कलाकार, आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यातले गाणारे-नाचणारे महादेव कोळी आणि ठाकर, बाहेरचे दोन चित्रकार, एखादा नाटकवाला, एखादा फिल्मवाला यांना एकत्र ठेवा. राहणं, जेवण आणि मानधन. शेवटी एक नवा वग उभा राहू द्या.

अटी दोनच. शहरातल्या चित्रकाराला जेवढं मानधन, तेवढंच ढोलकीवाल्याला. आणि जे तयार होईल त्याचा पहिला प्रयोग आपल्या तालुक्यात, पुण्या-मुंबईत नंतर. नाहीतर बाहेरचे येतील, फोटो काढतील, प्रदर्शन भरवतील आणि आपला माणूस फोटोतच राहील.

"आधी बिबट्याचं बघा, टोमॅटोच्या भावाचं बघा," असं कमेंटमध्ये येणार, माहितीय. बघायलाच पाहिजे, त्यावर मी लिहितोच. पण त्याच गावात यात्रेच्या एका रात्रीसाठी वर्गणी गोळा होते ना? त्यातला थोडा वाटा ज्यांच्यामुळं ती रात्र रंगते त्यांच्या पावसाळ्यासाठी का नको?

२०१८ साली सरकारनं जुन्नरला पर्यटन तालुका जाहीर केलं. पर्यटन म्हणजे नुसता शिवनेरीचा फोटो, लेण्याद्रीचं दर्शन आणि वाटेत मिसळ नव्हे. दोन्ही तालुक्यांच्या पंचायत समित्या, बाजार समित्या, कारखाने, यात्रा कमिट्या यांनी एकदा एकत्र बसावं. फडमालकांना आणि कलाकारांनाही खुर्ची द्यावी, नुसता सत्काराचा नारळ नको.

तुमच्या गावच्या यात्रा कमिटीत कुणी असेल तर त्याला ही पोस्ट दाखवा. आणि पटलं नाही तर खाली बिनधास्त लिहा. वाद झाला तरी चालेल, विषय निघू द्या.