गाभ्याबाहेरची माणसं

विमान उतरतं. साहेबलोक पुढच्या दारानं उतरतात अन् मागल्या दारानं आपला माणूस आत शिरतो. हातात काळी पिशवी. पुढचं उड्डाण तासाभरात. तेवढ्यात दीडशेच्या वर खुर्च्यांच्या खिशातलं उष्टं, शेंबडाचे कागद, ओकारीच्या पिशव्या, पोरांचे लंगोट उपसायचे. संडास पुसायचा. खिशात हात घातला की कुणाची इन्सुलिनची सुई बोटात घुसेल, सांगता येत नाही.

प्रवासी गेला म्हणून रोग जात नाही. गोवराचा विषाणू हवेत दोन तासांपर्यंत तग धरतो. उलटी-जुलाबाचा नोरोव्हायरस खुर्चीच्या हातावर दिवसचे दिवस टिकतो. सुईतून कावीळ ब येते.

कोण असतात ही माणसं? कंत्राटदाराचा हजेरीपट उघडा अन् आडनावं वाचा.

मुंबईच्या गिरण्यांत आपल्या माणसाला विणखात्यात घेत नसत. धोट्यातला धागा तोंडानं ओढावा लागे, आपल्या थुंकीचा विटाळ होई म्हणून. आता त्यांची थुंकी, त्यांची ओकारी आपल्या हाताला. विटाळ एकाच बाजूनं चालतो बघा!

२००५ चे आंतरराष्ट्रीय आरोग्य नियम सांगतात, विमानात साथीच्या रोगाची लक्षणं दिसली तर वैमानिकानं उतरण्याआधी विमानतळाला कळवायचं. म्हणजे टॉवरला कळतं. आरोग्य अधिकाऱ्याला कळतं. झाडूवाल्याला कोण सांगतं?

आता कायदा बघा. २०२० ची व्यवसाय सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. ती म्हणते, काही अपवाद सोडून धंद्याच्या गाभ्याच्या कामात कंत्राटी माणूस नको. चांगलं वाटलं? पुढं वाचा. झाडणं, पुसणं, कचरा उचलणं, माल चढवणं-उतरवणं, संस्था त्याच कामासाठी उभी नसेल तर, ही कामं गाभ्यात धरायची नाहीत. मग न झाडलेलं, न पुसलेलं विमान उडवून दाखवा की! मनूनं आपल्याला गावकुसाबाहेर ठेवलं, संसदेनं गाभ्याबाहेर. भिंत तीच, गिलावा नवा.

त्याच वर्षीच्या सामाजिक सुरक्षा संहितेची तिसरी अनुसूची काढा. संसर्गाचा खास धोका असलेल्या कामात जडलेला रोग तिथं धंद्यातला रोग मानलाय. दवाखाना, प्रयोगशाळा, जनावरांचं काम, अन् शेवटी तसाच धोका असलेलं इतर काम. त्या ‘इतर’मध्ये आपला माणूस बसवता येतो. पण भरपाई मागताना तो सिद्ध कशानं करणार? कुठल्या दिवशी, कुठल्या विमानात कोण आजारी होतं, तो कागद त्याच्या हातात नाही. खबर दडवली की जीवही जातो अन् दावाही.

१९३८ ला मनमाडला रेल्वेच्या दलित कामगारांपुढं बाबासाहेबांनी दोन शत्रू दाखवले. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. विमानतळावर दोघांनी मिळून एकच कंत्राट घेतलंय.

अन् आपण? नामांतरासाठी १९७८ ते १९९४ लढलो. घरं जळाली, माणसं गेली. ते लढणं खरंच होतं. नागपूरच्या विमानतळालाही बाबासाहेबांचं नाव आहे. पण त्या पाटीखाली झाडू मारणाऱ्याला धड हातमोजे मिळतात का, हे आपल्यापैकी किती जणांनी विचारलं? पाटीला हार घालून घरी येणारी चळवळ बाबासाहेबांची नव्हे.

ऑक्टोबर २०१४. पश्चिम आफ्रिकेत इबोलाची साथ. न्यूयॉर्कच्या लाग्वार्डिया विमानतळावर विमानं साफ करणारे सुमारे २०० कंत्राटी कामगार एक दिवस संपावर गेले. फाटके हातमोजे चालणार नाहीत, आधी संरक्षण द्या, म्हणाले. १९७२ ला आपण काळ्या पँथरचं नाव घेतलं. त्याच देशातल्या झाडूवाल्यांचा हा धडाही घ्या.

मागायचं काय? मालकाच्या खर्चानं जाड हातमोजे, मास्क, कावीळ ब ची लस. ताप आला तर पगारी रजा, नाहीतर माणूस खाडा परवडत नाही म्हणून तापातच कामावर येतो अन् रोग झोपडपट्टीत नेतो. आणि सगळ्यात आधी, आजारी प्रवाशाची खबर झाडूवाल्याला, लेखी, विमानात चढण्यापूर्वी.

दोस्तांनो, येत्या १४ एप्रिलची मिरवणूक विमानतळाच्या फाटकापर्यंत न्या. डीजे बंद करा अन् मोठ्यानं विचारा : आज कुठल्या विमानात कोण आजारी होतं, ते आमच्या माणसाला सांगितलं का?

जयभीम.