फोन चार्ज होत नाही? दुकान गाठण्याआधी या गोष्टी घरीच तपासा

खामगाव : रात्री चार्जिंगला लावलेला फोन सकाळी हातात घ्यावा, तर बॅटरी तीन टक्के. पिन काढून पुन्हा लावली, वायर जरा वाकवून धरली, चार्जिंगचे चिन्ह क्षणभर दिसले आणि गेले. हा अनुभव बहुतेकांनी कधी ना कधी घेतलेला असतो. त्यानंतरचा निष्कर्षही ठरलेला असतो, ‘फोन गेला, आता नवीन घ्यावा लागणार.’ प्रत्यक्षात अनेकदा फोन गेलेला नसतो. गेलेली असते ती केबल, किंवा पोर्टमध्ये अडकलेला असतो चिमूटभर कचरा. नेमका दोष कसा शोधायचा, घरी काय करायचे, काय अजिबात करायचे नाही आणि दुकानात गेल्यावर काय विचारायचे, हे समजून घेऊया.

हा प्रश्न एवढा महत्त्वाचा का?

खामगावची ओळख कापसाच्या बाजारपेठेची. जलंब ते खामगाव हा सुमारे १३ किलोमीटरचा रेल्वेमार्ग १८७० मध्ये सुरू झाला, तोही प्रामुख्याने इथला कापूस बाहेर नेण्यासाठी. आज त्याच कापसाचा व्यवहार खिशातल्या फोनपासून सुरू होतो. ई-पीक पाहणीसाठी शेतात उभे राहून फोनवर पिकाचा फोटो काढावा लागतो. २०२५-२६ च्या हंगामात भारतीय कापूस महामंडळाला (सीसीआय) हमीभावाने कापूस विकण्यासाठी ‘कपास किसान’ ॲपवर नोंदणीची पद्धत आली. या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८,११० रुपये क्विंटल, तर मध्यम धाग्याचा ७,७१० रुपये होता. नोंदणीच्या मुदतीत फोन बंद पडला, ओटीपी आला नाही, तर नुकसान फोनच्या दुरुस्तीपेक्षा कितीतरी मोठे असू शकते. मजुरीचे पैसे, गॅसचे बुकिंग, बँकेचे संदेश, मुलांचा अभ्यास हे सारेही त्याच एका पिनवर अवलंबून आहे.

चार्ज होताना नेमके काय घडते?

घरातल्या बोर्डात २३० व्होल्टचा वीजपुरवठा असतो. ॲडॉप्टर तो ५ व्होल्ट किंवा फास्ट चार्जिंग असेल तर त्याहून अधिक व्होल्टच्या डीसी पुरवठ्यात बदलतो. केबल तो पोर्टपर्यंत नेते. पोर्टमागे असलेली चार्जिंग आयसी बॅटरीला किती वीज द्यायची हे ठरवते. बॅटरीचे तापमान सतत मोजले जाते. म्हणजे बोर्ड, ॲडॉप्टर, केबल, पोर्ट, आयसी आणि बॅटरी अशी ही साखळी आहे. यातली कोणतीही कडी तुटली, तरी वरून लक्षण एकच दिसते, फोन चार्ज होत नाही. म्हणूनच अंदाजाने काही बदलण्याऐवजी एकेक कडी तपासणे हाच खरा उपाय.

सुरुवात कुठून करायची?

एका वेळी एकच गोष्ट बदला. आधी त्याच बोर्डात दुसरे काही लावून वीज आहे का ते पाहा. एक्स्टेंशन बोर्ड असेल तर तो वगळून थेट भिंतीच्या सॉकेटमध्ये चार्जर लावा. मग तीच केबल आणि तोच ॲडॉप्टर घरातल्या दुसऱ्या फोनला लावा. तो फोनही चार्ज होत नसेल, तर दोष तुमच्या फोनमध्ये नाही. आता फक्त केबल बदला. तरीही उपयोग नसेल तर फक्त ॲडॉप्टर बदला. दोन्ही एकदम बदलले तर दोष कशात होता ते कळत नाही आणि चांगली वस्तूही फेकली जाते.

केबल बहुधा पिनजवळच आतून तुटते. बाहेरचे आवरण शाबूत असते, त्यामुळे ती चांगलीच वाटते. वायर विशिष्ट कोनात धरल्यावरच चार्जिंग सुरू होत असेल, तर केबल आणि पोर्ट हे पहिले दोन संशयित. तीच केबल दुसऱ्या फोनवर नीट चालली, तर संशय पोर्टवर येतो.

खिशातला कचरा चार्जिंग कसा अडवतो?

फोन दिवसभर खिशात असतो. कपड्यांचे तंतू आणि धूळ पोर्टमध्ये जाते. आपण पिन लावतो तेव्हा तो कचरा आत दाबला जातो आणि त्याचा घट्ट बोळा होतो. जिनिंगमध्ये काम करणारे, कापूस वेचणारे किंवा भरणारे यांच्या फोनमध्ये कापसाचे तंतूही भर घालतात. खूण सोपी आहे. पिन पूर्वीसारखी पूर्ण आत जात नाही, ‘टक्’ असे बसत नाही किंवा जरा धक्का लागला की निसटते.

साफ करताना फोन आधी बंद करा. उजेडात किंवा दुसऱ्या फोनच्या टॉर्चने पोर्टमध्ये पाहा. लाकडी किंवा प्लास्टिकची बारीक टूथपिक कडेने हलकेच फिरवून कचरा बाहेर ओढा. कोरडा मऊ ब्रशही चालतो. टाइप-सी पोर्टच्या मधोमध एक पातळ पट्टी असते, तिच्यावर जोर देऊ नका. एकूण २४ बारीक संपर्कबिंदूंची जागा या पोर्टमध्ये असते. सुई, टाचणी किंवा सिमकार्ड काढायची पिन वापरली, तर ते वाकू शकतात किंवा शॉर्ट होऊ शकतात. तोंडाने फुंकर मारू नका, त्यातून ओलावा आत जातो.

फोन भिजला असेल तर?

पावसात भिजलेल्या किंवा घामाने ओल्या झालेल्या फोनला चार्जर लावला, की अनेक फोन पाण्याच्या थेंबाचे चिन्ह किंवा सूचना दाखवतात आणि चार्जिंग थांबवतात. हा बिघाड नाही, ही सुरक्षा आहे. ओल्या पोर्टमध्ये वीज गेली तर संपर्कबिंदू गंजतात. पिन काढा, पोर्ट खाली करून फोन हळूच तळहातावर आपटा आणि हवेशीर जागी काही तास ठेवा. हेअर ड्रायर वापरू नका. फोन तांदळात ठेवण्याचा घरगुती उपायही टाळा. तांदळाचे बारीक कण आत जाऊन आणखी नुकसान होऊ शकते, असा इशारा ॲपलसारख्या कंपनीनेही ग्राहकांना दिला आहे.

उन्हाळ्यात चार्जिंग मध्येच का थांबते?

लिथियम-आयन बॅटरी साधारण ० ते ४५ अंश सेल्सिअसदरम्यान चार्ज करणे सुरक्षित मानले जाते. मे महिन्यात विदर्भात पारा ४४-४५ अंशांवर जातो आणि चार्जिंगची स्वतःची उष्णता त्यात मिळते. अशा वेळी फोन चार्जिंगचा वेग कमी करतो किंवा ते थांबवतो. दुचाकीच्या होल्डरवर, ट्रॅक्टरवर किंवा खिडकीतल्या उन्हात फोन चार्ज करू नका. कव्हर काढा, सावलीत पंख्याखाली ठेवा. लवकर थंड व्हावा म्हणून फ्रीजमध्ये ठेवलात, तर आत दव जमून नवे संकट उभे राहील.

फोन पूर्ण बंद आहे, चिन्हही दिसत नाही. मग?

बॅटरी पूर्ण उतरून फोन काही दिवस पडून असेल, तर चार्जर लावल्यावर लगेच काहीच दिसत नाही. चालू असलेल्या चार्जरवर किमान अर्धा तास तसाच ठेवा. लॅपटॉपला लावू नका. साध्या यूएसबी २.० पोर्टमधून जेमतेम अडीच वॅट वीज मिळते, चार्जरमधून त्याच्या कितीतरी पट. नंतर सक्तीने रिस्टार्ट करा. बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये पॉवर आणि आवाज कमी करण्याचे बटण १० ते २० सेकंद एकत्र दाबून धरावे लागते. आयफोन ८ आणि त्यानंतरच्या मॉडेलमध्ये आवाज वाढवण्याचे बटण दाबून सोडा, आवाज कमी करण्याचे बटण दाबून सोडा आणि मग बाजूचे बटण लोगो दिसेपर्यंत दाबून ठेवा. यात फोनमधली माहिती पुसली जात नाही.

फोन ८० टक्क्यांवर अडकत असेल तर घाबरू नका. बॅटरीचे आयुष्य वाढावे म्हणून अनेक फोनमध्ये तशी मर्यादा असते. सेटिंगमधील बॅटरी विभागात ती बंद करता येते. चार्जिंग हळू होत असेल तर हॉटस्पॉट, गेम आणि व्हिडिओ बंद करून पाहा. फास्ट चार्जिंगसाठी फोन, ॲडॉप्टर आणि केबल या तिघांचे जुळावे लागते. ६७ वॅटचा फोन साध्या केबलवर हळूच चार्ज होणार.

बॅटरीच संपली आहे हे कसे ओळखायचे?

चार्ज पटकन १०० टक्के होतो आणि तासाभरात उतरतो, ३० टक्क्यांवरून फोन एकदम बंद पडतो, चार्जर काढताच मान टाकतो, ही जुन्या बॅटरीची लक्षणे. बॅटरी बदलली की असा फोन अनेकदा आणखी काही वर्षे चालतो. मात्र फोनची मागची बाजू फुगली असेल किंवा स्क्रीन उचलली गेली असेल, तर चार्जिंग तत्काळ थांबवा. फोन दाबू नका, टोचू नका, उशीजवळ ठेवू नका. बॅटरी दुकानातच काढून घ्या आणि कचऱ्यात न टाकता ई-कचरा म्हणून द्या.

दुकानात गेल्यावर काय विचारायचे?

आधी शक्य असेल तर बॅकअप घ्या, सिम आणि मेमरी कार्ड काढून घ्या. लॉकचा पिन किंवा यूपीआयचा पिन देण्याची गरज नसते. काही फोनमध्ये मेंटेनन्स मोड किंवा रिपेअर मोड असतो. तो सुरू केला की फोटो आणि संदेश झाकलेले राहतात. दुकानात ‘फोन चार्ज होत नाही’ एवढेच न सांगता ‘दुसरी केबल आणि चार्जर लावून पाहिला, पोर्ट साफ केला’ असे सांगा. अनेक अँड्रॉइड फोनमध्ये चार्जिंगचा पोर्ट वेगळ्या छोट्या बोर्डावर असतो, दुकानदार त्याला ‘सीसी बोर्ड’ म्हणतात. तो बदलणे आणि मदरबोर्डवरची आयसी बदलणे यांच्या खर्चात मोठा फरक असतो. त्यामुळे नेमके काय बदलणार, किती खर्च आणि किती दिवसांची हमी, हे बिलावर लिहून घ्या. काढलेला जुना भाग परत मागा.

नवीन चार्जर घेताना त्यावर आयएस क्रमांकासोबत ‘आर’ अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक आहे का ते पाहा. तो ‘बीआयएस केअर’ ॲपवर टाकला की नोंदणी खरी आहे का ते कळते. क्रमांकच नसलेला स्वस्त चार्जर फोनलाच नव्हे, घरालाही धोका आहे. वळवाच्या विजा कडाडत असताना तर चार्जर बोर्डातून काढूनच ठेवलेला बरा.

वॉरंटीत दाद मिळत नसेल तर?

फोनची वॉरंटी बहुधा एक वर्षाची, तर डब्यातल्या चार्जरची अनेक कंपन्या सहा महिन्यांची देतात. बिल जपून ठेवा. कंपनी टाळाटाळ करत असेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार करता येते. त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोगाचा मार्ग आहे. पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला तिथे शुल्क लागत नाही.

खरा प्रश्न दुरुस्तीच्या हक्काचा

वर सांगितलेले बहुतेक उपाय फुकट आहेत. त्यापुढे मात्र ग्राहक एकटा पडतो. पूर्वी फोनचे झाकण नखाने उघडून बॅटरी बदलता येत असे. आता ती आत चिकटवलेली असते. अधिकृत सेवा केंद्र गावात नसेल, तर सुमारे ५० किलोमीटरवरच्या अकोल्याला जायचे, दिवसाची मजुरी बुडवायची आणि फोन ठेवून यायचा. तेवढे दिवस ओटीपी कुणाच्या फोनवर घ्यायचा?

युरोपीय संघाने २८ डिसेंबर २०२४ पासून नव्या मोबाइल फोनना टाइप-सी पोर्ट बंधनकारक केला. २० जून २०२५ पासून तिथे कंपन्यांना सुटे भाग वर्षानुवर्षे उपलब्ध ठेवण्याचे नियमही लागू झाले. आपल्याकडे केंद्राने डिसेंबर २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केले. कोणता फोन दुरुस्त करायला किती सोपा, हे खरेदीआधीच सांगणाऱ्या निर्देशांकावर केंद्राच्या समितीने २०२५ मध्ये अहवालही दिला. तो निर्देशांक फोनच्या डब्यावर छापला गेला पाहिजे, मूळ सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती तालुक्याच्या कारागिरालाही रास्त दरात मिळाली पाहिजे.

सरकारने एकेक योजना ॲपवर नेली, तेव्हा फोन चालू असेल हे गृहीत धरले. ते गृहीत धरायचे असेल, तर बिघडलेला फोन गावातच दुरुस्त होण्याची सोयही सरकारनेच पाहिली पाहिजे. आणि निदान ज्या दिवशी मुदत संपते, त्या दिवशी ॲपशिवायही नोंदणी करून घेणारी एक खिडकी बाजार समितीत उघडी असली पाहिजे. तोवर केबल बदलून पाहा, पोर्टमध्ये टॉर्च मारा आणि नवा फोन घेण्याआधी जुन्याला अर्धा तास द्या.