विश्लेषण : अमेरिकेच्या राखीव लष्करातले ‘मिलिटरी पोलीस’ नेमके करतात काय?

महिन्यातून एक शनिवार-रविवार आणि वर्षातून दोन आठवडे. बाकीचे दिवस कॉलेज, नोकरी, घर. वर गणवेश, पगार, शिक्षणाला मदत आणि पुढेमागे पोलीस खात्यात जायचे झाले तर अनुभवाची शिदोरी. ‘यूएस आर्मी रिझर्व्ह’, म्हणजे अमेरिकेच्या राखीव लष्कराची भरती वर्षानुवर्षे याच हिशेबावर होत आली आहे. पोलीस व्हायचे मनात असलेल्या १८-१९ वर्षांच्या मुलामुलींना त्यातले ‘मिलिटरी पोलीस’ हे काम विशेष खुणावते. हिशेब खोटा नाही. मात्र ‘पोलीस’ या शब्दाचा अर्थ भरती होणारा एक घेतो आणि लष्कर दुसरा. या फरकामुळे काय घडू शकते, हे २००३-०४ मध्ये इराकमधल्या एका तुरुंगात जगाने पाहिले.

राखीव लष्कर म्हणजे कोणते?

२३ एप्रिल १९०८ रोजी डॉक्टरांचे राखीव दल म्हणून याची सुरुवात झाली. अलीकडच्या वर्षांत त्याची मंजूर संख्या पावणेदोन लाखांच्या आसपास राहिली आहे. बातम्यांत त्याची ‘नॅशनल गार्ड’शी नेहमी सरमिसळ होते. नॅशनल गार्डवर राज्याच्या गव्हर्नरचाही हक्क असतो. पूर, वादळ, दंगल अशा वेळी तो त्यांना बोलावू शकतो. राखीव लष्कर पूर्णपणे केंद्राचे.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. राखीव लष्करात प्रत्यक्ष लढणाऱ्या तुकड्या नावापुरत्याच. वाहतूक, रसद, वैद्यकीय, अभियांत्रिकी आणि मिलिटरी पोलीस असे पाठबळ पुरवणारे लोक तिथे जास्त. शांततेच्या काळात हे मनुष्यबळ कायम पदरी बाळगणे लष्कराला परवडत नाही, आणि युद्ध लांबले की त्यांच्यावाचून पान हलत नाही. त्यामुळे ‘राखीव’ म्हणजे ‘शेवटी बोलावले जाणारे’ हा समज या तुकड्यांच्या बाबतीत तरी चुकीचा आहे.

‘ऑफिसर’ कोणाला म्हणायचे?

बोलीभाषेत प्रत्येक पोलिसाला ‘ऑफिसर’ म्हणण्याची अमेरिकेत पद्धत आहे. लष्करात मात्र अधिकारी आणि सैनिक यांच्यात स्पष्ट रेघ असते. शाळा संपवून थेट भरती होणारा ३१बी या वर्गात जातो. तो मिलिटरी पोलीस असतो, पण हुद्द्याने सैनिक. पदवी आणि अधिकारी-प्रशिक्षण घेऊन आलेला ३१ए, म्हणजे या तुकड्यांचे नेतृत्व करणारा. तुरुंग चालवण्यासाठी ३१ई असा स्वतंत्र वर्ग आहे. सैनिक म्हणून भरती व्हायला ग्रीन कार्ड चालते. अधिकारी व्हायला नागरिकत्व लागते. विद्यार्थी व्हिसा किंवा एच-१बी असलेल्यांना यातला कोणताच दरवाजा उघडा नाही.

३१बीचे प्रशिक्षण मिसुरी राज्यातल्या फोर्ट लेनर्ड वूड इथे, सुमारे २० आठवड्यांचे. सैनिकी शिक्षण आणि पोलिसी शिक्षण सलग एकाच ठिकाणी होते. रंग नीट ओळखता यावे लागतात. घरगुती हिंसाचाराच्या साध्या गुन्ह्यातही दोषी ठरलेल्याला १९९६ च्या कायद्याने बंदूक बाळगता येत नाही, म्हणून हे कामही मिळत नाही.

मग काम काय असते?

लष्कर स्वतः मिलिटरी पोलिसांच्या कामाचे तीन भाग सांगते. पहिला पोलिसी कामाचा : छावणीतली गस्त, अपघाताचा पंचनामा, चोरीचा तपास. दुसरा सुरक्षा आणि वाहतुकीचा : रस्ते मोकळे ठेवणे, ताफ्यांना संरक्षण, चौक्या. तिसरा कैद्यांचा : युद्धकैदी आणि ताब्यातले नागरिक सांभाळणे.

भरती होणाऱ्याच्या डोळ्यांसमोर पहिला भाग असतो. पण अमेरिकेतल्या लष्करी तळांवरची रोजची पोलिसी मुख्यतः पूर्णवेळ सैनिक आणि लष्कराचे नागरी पोलीस करतात. महिन्यातून दोन दिवस येणाऱ्याच्या हाती गस्तीची गाडी कोण देणार? त्याचे शनिवार-रविवार गाड्यांची देखभाल, शस्त्रांची मोजदाद, नेमबाजी, कवायत, वर्ग आणि कागदपत्रे यांत जातात. दुसरा-तिसरा भाग खऱ्या अर्थाने समोर येतो तो परदेशात पाठवल्यावर. कैदी सांभाळणाऱ्या बऱ्याच तुकड्या राखीव दलातच ठेवलेल्या असल्याने हे काम त्यांच्या वाट्याला अधिक येते.

गावातल्या रस्त्यावर तर हा पोलीस पोलीस नसतोच. १८७८ च्या ‘पॉसी कॉमिटाटस’ कायद्यानुसार केंद्रीय लष्कराला, संसदेने मुभा दिलेले अपवाद सोडता, नागरी कायद्याची अंमलबजावणी करता येत नाही. हा दीडशे वर्षांपूर्वीचा कायदा २०२५ मध्ये पुन्हा चर्चेत आला. जूनमध्ये अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी कॅलिफोर्नियाचे नॅशनल गार्ड केंद्राच्या ताब्यात घेऊन लॉस एंजलिसमध्ये उतरवले. त्यातून या कायद्याचा भंग झाल्याचा निकाल तिथल्या केंद्रीय जिल्हा न्यायालयाने सप्टेंबरमध्ये दिला आणि प्रकरण अपिलात गेले.

अबू गरीबमध्ये काय घडले?

८०० वी मिलिटरी पोलीस ब्रिगेड ही राखीव लष्कराची. युद्धकैद्यांच्या छावण्या सांभाळण्यासाठी ती २००३ मध्ये इराकच्या मोहिमेवर गेली. १ मे रोजी अध्यक्ष जॉर्ज बुश यांनी मोठी लढाई संपल्याचे जाहीर केले, तेव्हा आता घरी जायचे असे यातल्या अनेकांनी धरून चालले होते. घरी जाण्याऐवजी त्यांच्या गळ्यात इराकचे तुरुंग पडले. छावणीत शरण आलेले सैनिक ठेवणे वेगळे आणि चोर, संशयित, बंडखोर व चुकून उचललेले लोक एकत्र कोंबलेला तुरुंग चालवणे वेगळे.

या ब्रिगेडच्या हाताखाली मेरीलँडमधल्या क्रेसपटाउन या छोट्या गावची ३७२ वी कंपनी होती, तीही राखीव. आधी हिल्ला शहरात तिने गस्त आणि वाहतुकीची कामे केली होती. ऑक्टोबर २००३ मध्ये तिला बगदादजवळच्या अबू गरीब तुरुंगावर आणले गेले. शलेसिंजर समितीच्या २००४ च्या अहवालानुसार त्या सुमारास तिथे कैदी सात हजारांपर्यंत गेले होते आणि त्यांच्यावर ब्रिगेडचे सुमारे ९० जण होते. बाहेरून तोफगोळे पडत होते. कैद्यांना चौकशीसाठी ‘तयार’ करा, असा गुप्तवार्ता विभागाचा आग्रह होता आणि तुरुंग नक्की कोणाच्या हुकमाखाली आहे याचाच घोळ होता.

लष्कराच्या वतीने चौकशी करणारे मेजर जनरल अँतोनियो तगुबा यांनी या ब्रिगेडला तुरुंग चालवण्याचे पुरेसे प्रशिक्षण दिलेच गेले नव्हते, असा ठपका ठेवला. कंपनीत काही जण घरी तुरुंगरक्षकाची नोकरी करत, म्हणून त्यांच्या जिवावर कारभार सोपवला गेला. चार्ल्स ग्रेनर पेनसिल्वेनियात तुरुंगरक्षक होता, आयव्हन फ्रेडरिक व्हर्जिनियात. कैद्यांच्या छळात पुढे हेच दोघे मुख्य आरोपी ठरले. एकाला दहा वर्षे, दुसऱ्याला आठ. छायाचित्रांमुळे जगभर चेहरा माहीत झालेली लिंडी इंग्लंड तर मिलिटरी पोलीस नव्हतीच. ती कंपनीच्या कार्यालयातली कारकून. कॉलेजसाठी पैसे मिळावेत म्हणून शाळेत असतानाच ती राखीव दलात भरती झाली होती. तिला तीन वर्षांची शिक्षा झाली.

प्रशिक्षण नव्हते हे खरे आणि ते न देणारे वरचे लोक होते हेही खरे. पण कैद्याला विवस्त्र करून त्याच्याशेजारी हसत उभे राहू नये, हे शिकायला वर्ग लागत नाही. याचा पुरावा त्याच कंपनीत होता. जोसेफ डार्बी हा २४ वर्षांचा सैनिकही तिथलाच, तेवढेच प्रशिक्षण घेतलेला. छायाचित्रांची सीडी हाती आल्यावर जानेवारी २००४ मध्ये त्याने ती लष्कराच्या गुन्हे अन्वेषण विभागाकडे दिली. २८ एप्रिलला ती छायाचित्रे दूरचित्रवाणीवर आली. पुढे संरक्षणमंत्री डोनाल्ड रम्सफेल्ड यांनी संसदेच्या समितीपुढे डार्बीचे नाव उघड घेतले. त्यानंतर गावाकडचा राग एवढा वाढला की त्याला घरी परतणे शक्य झाले नाही. ब्रिगेडच्या प्रमुख, राखीव दलाच्याच ब्रिगेडियर जनरल जॅनिस कार्पिन्स्की यांना कर्नल केले गेले. तुरुंगात गेले ते मात्र सगळे खालच्या हुद्द्यांचे.

याच गणवेशातला दुसरा चेहरा

मिलिटरी पोलीस म्हणजे अबू गरीब, एवढेच चित्र रंगवणे अन्यायाचे ठरेल. २० मार्च २००५ रोजी सलमान पाकजवळ रसदीच्या ताफ्यावर हल्ला झाला. ताफ्यामागे केंटकी नॅशनल गार्डची ६१७ वी मिलिटरी पोलीस कंपनी होती. सार्जंट ली अ‍ॅन हेस्टर ही २३ वर्षांची तरुणी आपल्या गटासह हल्लेखोरांच्या बगलेवर गेली आणि सहकाऱ्याबरोबर खंदकात उतरून लढली. दुसऱ्या महायुद्धानंतर ‘सिल्व्हर स्टार’ मिळालेली ती पहिली महिला सैनिक. इराकला जाण्यापूर्वी ती नॅशव्हिलमध्ये बुटांच्या दुकानाची व्यवस्थापक होती.

त्या काळी पायदळाचे दरवाजे महिलांना बंद होते. लढाईच्या सर्वात जवळ जाता येईल असे काम मिलिटरी पोलीसचे, म्हणून अनेक जणी ते निवडत. कागदावर ते ‘पाठबळ’ होते, पण इराकच्या रस्त्यांवर आघाडी आणि पिछाडी असा भेद उरला नव्हता.

पोलीस खात्यात जायला उपयोग होतो?

होतो, पण समजतात तेवढा नाही. अमेरिकेत पोलिसाचे प्रमाणपत्र प्रत्येक राज्य आपापल्या नियमांनी देते. मिलिटरी पोलीस म्हणून घेतलेले प्रशिक्षण त्याऐवजी सहसा चालत नाही. पोलीस अकादमी पुन्हा करावीच लागते. भरतीच्या वेळी माजी सैनिकांना मिळणारे झुकते माप आणि शिस्तीची नोंद हा खरा लाभ. शिवाय अनेक पोलीस खाती २१ वर्षांखालच्यांना घेत नाहीत. शाळा सुटल्यापासून तिथवरची तीन वर्षे काढायला राखीव दल सोयीचे पडते. हेस्टरही पुढे टेनेसीत पोलीस झाली.

करारात काय लिहिलेले असते?

पहिल्यांदा भरती होणाऱ्यावर एकूण आठ वर्षांचे बंधन असते. त्यातली काही वर्षे, बहुधा सहा, महिन्याच्या हजेरीची. उरलेल्या काळात हजेरी नसते, पण नाव यादीत राहते. इराक युद्धात अशा यादीतल्या, घरी जाऊन कामाधंद्याला लागलेल्या लोकांनाही परत बोलावले गेले. दोन दिवसांच्या हजेरीला चार दिवसांचे मूळ वेतन मिळते. सेवेवर गेल्यामुळे मालकाला नोकरीवरून काढता येत नाही, तसा १९९४ चा कायदा आहे. मात्र स्वतःचा धंदा असलेल्याची गिऱ्हाइके वर्षभर कोण सांभाळणार, याला कायद्यात उत्तर नाही.

भारतात असा मार्ग आहे का? नाही. आपल्याकडची प्रादेशिक सेना, म्हणजे टेरिटोरियल आर्मी, नोकरी-व्यवसाय सांभाळून करता येते. मात्र तिच्या तुकड्या प्रामुख्याने पायदळाच्या, पर्यावरणाच्या, रेल्वे आणि तेल क्षेत्राच्या. पुण्याच्या कॅम्पात लाल टोपीत दिसणारे मिलिटरी पोलीस हे नियमित सैन्याच्या स्वतंत्र कोअरचे. तिचे प्रशिक्षण केंद्र बंगळुरूला आहे. मे २०२१ मध्ये ८३ महिला सैनिकांची पहिली तुकडी तिथूनच बाहेर पडली.

न्यू जर्सी किंवा टेक्सासमध्ये वाढणाऱ्या मराठी मुलांसाठी मात्र अमेरिकेचा पर्याय खुला आहे. ग्रीन कार्डवर भरती झालेल्याला नागरिकत्वही लवकर मिळू शकते. त्याची दुसरी बाजू घरात क्वचितच बोलली जाते. भारताच्या गृह मंत्रालयाच्या नियमानुसार परदेशी लष्करात असलेल्या किंवा तिथून निवृत्त झालेल्या व्यक्तीला ओसीआय कार्ड मिळत नाही. भारतीय नागरिकत्व तर दुसऱ्या देशाचे घेताच संपते. मग आजीला भेटायला सांगलीला यायचे तरी व्हिसा काढावा लागेल.

मुलगा किंवा मुलगी १७ वर्षांची असेल तर पालकांची लेखी संमती लागते. सही करण्याआधी तुकडी कोणती, ती पूर्वी कुठे पाठवली गेली होती, काम ३१बीचे की ३१ईचे आणि शिक्षणाच्या मदतीचा आकडा जोडपत्रात आहे का, हे पाहून घ्यावे लागते. भरती कार्यालयात गप्पांच्या ओघात बरेच काही कबूल केले जाते. करारावर मात्र छापलेलेच असते की त्यात आणि त्याच्या जोडपत्रांत नसलेले कोणतेही आश्वासन, ते कोणीही दिलेले असो, पाळले जाणार नाही.